रुमालाखाली

तुर्भ्याच्या शोरूममध्ये, एकतीस मार्चच्या संध्याकाळी,
एसी इतका गार की आप्पांनी टोपी काढली नाही.
मी कोटेशन वाचतेय,
ते गाडीचं दार पुन्हा पुन्हा उघडून लावताहेत,
आवाज ऐकताहेत.
पेटीवर टिचकी मारून
आत आंबा किती नि गवत किती
ओळखायचे, तसे.

हर्षल मढवी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.
'मॅडम, ऑन रोड नऊ बारा. तुमच्यासाठी म्हणून.'
तुमच्यासाठी म्हणून
हे तीन शब्द आप्पांनी चाळीस वर्षं
फळबाजारात रोज पहाटे वापरले.
ते हसले, पण मिशीतल्या मिशीत.

मी तयारीने आले होते. वहीचं पान, चार घड्यांचं:
पनवेलचा भाव, वाशीचा भाव,
विमा बाहेरून काढला तर किती,
आणि तळाशी लाल पेनाने:
रंग आवडला असं म्हणायचं नाही.

रंग आवडला होता.
त्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं.

'हँडलिंग चार्ज साडेनऊ हजार. कशाचे?'
'गाडी यार्डातून इथवर आणायचे, मॅडम.'
'यार्ड कुठेय?'
तो जरा थांबला.
'मागेच.'
आप्पा दाराशीच उभे राहून म्हणाले,
'एवढ्या हमालीत देवगडहून ट्रक यायचा,
ड्रायव्हरच्या जेवणासकट.'

साडेनऊ हजार गेले.
मग चटया गेल्या, आणि फुकट होऊन परत आल्या.
कोटिंग गेलं, ते गाडीला होतं की मला
शेवटपर्यंत समजलं नाही.
विमा एकेचाळीसवरून एकतीसवर उतरला,
जणू अर्ध्या तासात रस्ते सुधारले.

दोनदा तो उठला, साहेबांना विचारून येतो म्हणाला.
काचेच्या केबिनमध्ये खुर्ची रिकामी होती.
तिथे उभं राहून तो पाणी प्यायला,
मोबाइलवर काहीतरी गुणलं, वजा केलं,
आणि साहेबांचा होकार घेऊन आला.
मी पाहिलं. आप्पांनीही पाहिलं.
बोललो नाही कोणीच.

'आठ एकोणसत्तर. याच्या खाली मला…'
वाक्य तसंच ठेवून त्याची नजर भिंतीवर गेली.
पांढरा फळा. त्याच्या नावापुढे अकरा रेघा,
वर कोपऱ्यात गोलात लिहिलेलं: बारा.
आजची तारीख.

हे माझ्या वहीत नव्हतं.
अजून पाच हजार सुटतील. दहासुद्धा.
मी खुर्चीत मागे रेलले
आणि घड्याळ बघितलं, त्याला दिसेल असं.

तेवढ्यात आप्पा येऊन बसले,
खिशातला मोठा रुमाल मांडीवर पसरला.
'हात दे इकडे.'
पोरगा गोंधळला. टॅब डाव्या हातात तसाच,
उजवा रुमालाखाली.
'काय म्हणालो मी?'
'काका, नाही कळलं.'
'मग गेला तो भाव.'

रुमाल माझ्याकडे सरकला.
मेच्या सुट्टीत पेट्यांवर बसून शिकलेली बोटं
कशी काय विसरत नाहीत कोण जाणे.
तर्जनी नाही, मधलं नाही,
अंगठा तळहातावरून एकदाच फिरला, खरखरीत.
म्हणजे बास.

मला राग आला.
हप्ता माझा होता, पाच वर्षं माझी होती.
त्यांनी हात काढला, रुमालाची घडी केली
आणि गाडीच्या टायरकडे बघत बसले.

'आठ एकोणसत्तर,' मी म्हटलं,
'पण टाकी फुल्ल.'
'फुल्ल, मॅडम.'
सही करून मान वर केली तेव्हा
तो फळ्यापाशी होता, पेन उमटत नव्हतं,
त्याने ते दोनदा झटकलं.

पाडव्याला गाडी घरी नेताना
पाम बीचच्या सिग्नलला लक्षात आलं,
काटा निम्म्यावर.
आप्पा पट्ट्याशी झटत होते.
त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
'पेटीत गवत असतंच,' म्हणाले,
आणि काच खाली करायचं बटण शोधू लागले.